मागच्या चाकाची हवा तीन दिवसांत उतरते, पण पाण्यात बुडबुडे दिसत नाहीत

प्रश्न

माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरल्यावर पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी टायर अंगठ्याखाली थोडा दबतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिम जवळजवळ जमिनीला टेकलेली असते. पुढच्या चाकात त्याच पंपाने, त्याच वेळी भरलेली हवा आठवडाभर टिकते; त्यामुळे रबरातून एरवीही थोडी झिरपते तेवढीच ही हवा असावी, असे वाटत नाही. ट्यूब ब्युटाइल रबराची असून व्हॉल्व्ह प्रेस्टा प्रकारचा (बारीक, टोकाला फिरवायची छोटी चकती असलेला) आहे. ट्यूब बाहेर काढून बादलीतल्या पाण्यातून दोनदा फिरवली, तरी एकही बुडबुडा दिसला नाही. नवी ट्यूब घालण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. असे छिद्र कसे शोधावे?

पहिले उत्तर

पुढच्या चाकाशी तुलना केलीत, हे उत्तम झाले. बादलीत बुडवताना ट्यूबमध्ये हवा किती होती, हा माझा पहिला प्रश्न आहे. ट्यूब जेमतेम गोल होईल एवढीच हवा असेल, तर रबर ताणले जात नाही आणि सुईच्या टोकाहून बारीक छिद्र मिटलेलेच राहते. ट्यूब नेहमीच्या जाडीच्या सुमारे दुप्पट फुगेल इतकी हवा भरा. त्याहून अधिक मात्र नको, कारण टायरचा आधार नसताना रबर एखाद्या ठिकाणी फुगा येऊन कायमचे ढिले पडते.

दुसरी गोष्ट वेळेची. तीन दिवसांत रिकामी होणारी ट्यूब कित्येक सेकंदांनी एखादाच बुडबुडा सोडते, त्यामुळे ती पाण्यातून सरसर फिरवून काहीही हाती लागत नाही. एका वेळी वीतभर भाग बुडवा, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका, रबर दोन्ही हातांनी हलकेच ताणून धरा आणि अर्धा मिनिट पाहत राहा. पुसल्यानंतर पुन्हा त्याच जागी जो बुडबुडा धरतो, तिथेच गळती असते. छिद्र सापडले की त्यावर बॉलपेनने लांब रेघांची फुली काढा, म्हणजे मधला भाग घासून पुसला गेला तरी उरलेल्या टोकांवरून जागा कळते.

दुसरे उत्तर

वरील पद्धत योग्यच आहे, परंतु चाक खोलण्याआधी व्हॉल्व्ह तपासावा. चाक फिरवून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणा. आता त्याचे तोंड खाली, हबकडे (चाकाच्या मध्याकडे) असेल. खालून पाण्याची अरुंद वाटी धरून ते तोंड काही मिनिटे बुडवून ठेवा. बुडबुडे आले तर आधी टोकाची छोटी चकती नीट आवळा. काही प्रेस्टा व्हॉल्व्हचा आतला भाग सुटा असतो आणि पंपाची नळी फिरवून काढताना तोही सैल होतो. तो पकडीने अलगद घट्ट केल्यावर गळती थांबू शकते. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर चिरले असेल, तर तिथे पॅच टिकत नाही. ती ट्यूब बदलावी.

तिसरे उत्तर

छिद्र सापडले म्हणजे काम निम्मेच झाले, कारण ते पाडणारी वस्तू अजून चाकातच असू शकते. ट्यूब काढताना तिची कोणती बाजू कोणत्या अंगाला होती, हे लक्षात ठेवा आणि छिद्राचे व्हॉल्व्हपासूनचे अंतर टायरवर मोजा. छिद्र रिमच्या अंगाला असेल तर रिम टेप (रिमच्या आतली भोके झाकणारी पट्टी) सरकून आऱ्याच्या निपलचे (आरा रिमला धरणाऱ्या छोट्या नटाचे) भोक उघडे पडले आहे का, ते पाहा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली आहे.

पॅच लावण्याआधी जागा पॉलिश पेपरने पॅचहून मोठ्या भागात घासा आणि शिवणीची उभी रेघ तिथून जात असेल तर ती पूर्ण सपाट करा, नाहीतर हवा त्याच रेघेच्या कडेने वाट काढते. सोल्यूशनचा पातळ थर देऊन तो ओला दिसेनासा होईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबा. पॅच निघण्याचे मुख्य कारण इथली घाई हेच आहे, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्त्याकडून

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला. ट्यूब दुप्पट फुगवून वीत-वीत तपासली, तेव्हा व्हॉल्व्हपासून सुमारे दोन हातांवर, टायरच्या अंगाला, दहा-बारा सेकंदांनी एक बुडबुडा येताना दिसला. टायरच्या त्या जागी आतून बोट फिरवून काही लागले नाही. टायर उलटा वाकवला तेव्हा मात्र केसासारख्या बारीक तारेचे टोक वर आले. माझ्या वजनाखाली टायर दबला की ते टोक ट्यूबला टोचत असणार. तार पकडीने ओढून काढली आणि सांगितल्याप्रमाणे थांबून पॅच लावला. आज चौथा दिवस असून मागचा टायर पुढच्याइतकाच घट्ट आहे.