‘मेटाजीनोम’ला मराठीत काय म्हणावं?

समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर मराठीत लेख लिहिते आहे आणि ‘मेटाजीनोम’पाशी अडले आहे. ‘मेटाबॉलिझम’ला आपण चयापचय म्हणतो. दोन्हींतला ‘मेटा’ एकच का? ‘अधिजनुकसंच’ कसा वाटतो?

प्रतिसाद
मूळ ग्रीक उपसर्ग एकच, पण अर्थ वेगळे. मेटाबॉलिझमच्या मुळाशी ‘बदल’ आहे. आपण तो उपसर्ग बाजूलाच ठेवला आणि क्रिया पाहिली: चय म्हणजे बांधणी, अपचय म्हणजे मोडणी. फार सुंदर शब्द आहे तो. इथेही तसंच करावं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवांबद्दल लिहिताना ‘मेटाजीनोम’ वापरला, तो एका जागच्या सगळ्या सूक्ष्मजीवांची जनुकं मिळून, या अर्थाने. ‘अधि’तून हे ‘सगळे मिळून’ कळत नाही. मी ‘समूहजनुकसंच’ लिहीन.

प्रतिसाद
समूह पटला, ‘संच’ खटकतो. संच म्हटलं की पुरता वाटतो. हाती येतात ते तुकडे: शेकडो पोथ्या फाडून पानं एकत्र मिसळावीत, तसे. कुठलं पान कुठल्या पोथीचं, हे जुळवणं हेच तर काम. कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे उपसागराच्या पाण्यातला असाच एक डीएनएचा तुकडा २०००मध्ये वाचला गेला. त्यावर प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाचं जनुक होतं, आणि त्याच तुकड्यावर जीवाणूची ओळख पटवणारं जनुकही. म्हणून मालक कळला. तो जीवाणू प्रयोगशाळेत वाढवलेला नव्हता! ते प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या जीवाणूत घातलं, प्रकाश शोषणारा रेटिनल हा रेणू पुरवला, तर पंप खरोखर चालला. या प्रथिनाला प्रोटिओऱ्होडॉप्सिन म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती
मग या प्रथिनाच्या कामाला ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिलं तर?

प्रतिसाद
नको. संश्लेषण म्हणजे जोडून घडवणं. हा पंप कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवत नाही, फक्त ऊर्जा मिळवून देतो. ‘प्रकाशचलित प्रोटॉन पंप’ लिहा, लांब असलं तरी.
आणखी एक. अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्राच्या २००४च्या अशाच अभ्यासाबद्दल ‘१२ लाखांहून अधिक नवी जनुकं’ असं लिहू नका. ती समुद्रात होतीच, आपल्याला ठाऊक नव्हती. ‘अनोळखी’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती
‘अनोळखी’ घेतला. शीर्षकात ‘समूहजनुकं’ ठेवते, संच गाळून. पहिल्या उल्लेखाला ‘मेटाजीनोम’ही देईन, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.