विषय: खांदा बदलल्यावर ढोल आणि बॅडमिंटन

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये माझं उजव्या खांद्याचं रिप्लेसमेंट झालं. सांध्याची झीज होती. दुखणं गेलंय, हात डोक्यापर्यंत जातो. आता जुलै संपत आलाय, गणपतीच्या मिरवणुकीची ढोलाची तालीम रविवारपासून सुरू होतेय आणि बॅडमिंटनचं कोर्टही बुक झालंय. सर्जन म्हणाले, "हळूहळू सगळं करा." हळूहळू म्हणजे नेमकं काय? आपल्यातले एक काका तर याच ऑपरेशननंतर पोहायला लागलेत म्हणे.

—

ताई, पोहणारा मीच. पण माझ्यावरून तुमचा हिशेब करू नका. माझा रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू, पार फाटला होता, म्हणून माझं रिव्हर्स केलं: सांध्याचा गोळा वाटीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर. हात उचलायचं काम आता डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, करतो. फ्रान्सचे सर्जन ग्रामों यांनी 1985 मध्ये ही रचना आणली. यात हात पाठीमागे नेऊन शर्ट खोचायला सुरुवातीला सक्त मनाई असते, कारण त्या स्थितीत सांधा निखळू शकतो. पोहतो तेही फक्त ब्रेस्टस्ट्रोक. तुमचं साधं आहे की रिव्हर्स, ते आधी विचारून घ्या.

—

मी फिजिओ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही सांगताय त्यावरून साधं, म्हणजे अ‍ॅनाटॉमिक असावं. त्यात बहुतेक वेळा खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस नावाचा स्नायू हाडापासून सोडवून आत जातात आणि शेवटी परत शिवतात. म्हणूनच पहिले 6 आठवडे खुर्चीच्या हातांवर रेटून उठायचं नसतं आणि ताकदीचे व्यायाम साधारण 12 आठवड्यांनंतर येतात. त्याची ताकद घरी अशी बघा: तळहात पोटावर दाबा आणि कोपर पुढे धरा. कोपर मागे घसरत असेल किंवा मनगट वाकत असेल, तर रॅकेटला हात लावण्याआधी सर्जनना दाखवा.

बॅडमिंटनमध्ये सर्जननी हो म्हटलं तर खालून सर्व्हिस आणि नेटजवळचे हलके फटके, तेही डबल्समध्ये. डोक्यावरून क्लिअर आणि स्मॅश 6 महिन्यांच्या आत नको, आणि नंतरही सर्जनना विचारूनच. सूर्यनमस्कारात अष्टांग आणि भुजंगासनात हातांवर भार येतो, तेवढं भिंतीला हात टेकून करा.

ढोलाचीच मला खरी काळजी वाटते. वजन कमरेला असतं हे खरं, पण टिपरूचा प्रत्येक फटका मनगट-कोपरातून खांद्यात पोचतो आणि मिरवणूक तासन् तास चालते. वाटीच्या जागी बसवलेला प्लास्टिकचा भाग वर्षानुवर्षांच्या भाराने सैल होऊ शकतो; असे खांदे पुन्हा उघडावे लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. चाळिशीतल्या माणसाला ते जास्त लागू, पण साठीतही सोडून द्यायची गोष्ट नाही. ज्या हाताने आणखी वीस वर्षं नातवंडं उचलायची, तो एका मिरवणुकीसाठी पणाला लावू नका, ताई. यंदा मुलांना बोल शिकवा, ठेका तुमच्याइतका कुणाला पक्का आहे?
आणि ताप, जखमेतून पाणी किंवा हात अचानक उचलेनासा झाला, तर वाट न पाहता फोन करा.

—

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, ऑपरेशनची नोंद मागून घेते आणि पोटावर हात दाबून दाखवते. मुलांची तालीम किती वाजता असते?