मदत हवी आहे: 'या व्हिडिओत तुम्हीच ना?' लिंक उघडल्यापासून मामांच्या खात्यावरून आपोआप मेसेज जातायत

नमस्कार मंडळी,

माझे मामा निवृत्त शिक्षक. गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या फेसबुक खात्यावरून त्यांना मेसेंजरवर मेसेज आला, "सर, या व्हिडिओत तुम्हीच ना?" खाली लिंक, त्यावर मामांचाच प्रोफाइल फोटो आणि मधोमध प्लेचं बटण. उघडल्यावर हुबेहूब यूट्यूबसारखं पान. व्हिडिओ दिसण्यासाठी क्रोममध्ये एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका म्हणालं, मामांनी टाकलं. यात त्यांना बोल लावू नका, ओळखीचं नाव आणि स्वतःचा फोटो बघून कोणीही उघडलं असतं.

तेव्हापासून तोच मेसेज त्यांच्या नावाने सगळ्यांना जातोय. मित्रमंडळी बहुतेक सत्तरीपुढची. मामा एकेकाला फोन करून 'उघडू नका रे' सांगत बसलेत, बघवत नाही.

लॅपटॉपवरच पासवर्ड बदलला, तरी मेसेज चालूच. विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसच्या पूर्ण स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. एक्स्टेंशनची यादी उघडायला गेलं की टॅब आपोआप बंद होतो! क्रोम काढून नव्याने टाकलं, लॉगिन केलं, की ते एक्स्टेंशन परत हजर.

2018 साली ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीने फेसेक्सवर्म नावाच्या मालवेअरबद्दल (घातक प्रोग्रॅमबद्दल) लिहिलं होतं. तोही मेसेंजरवरून यूट्यूबच्या नकली पानावर न्यायचा आणि एक्स्टेंशनची यादी उघडू द्यायचा नाही. शिवाय पासवर्ड चोरायचा, म्हणून जास्त धास्ती वाटते. मामा पेन्शनचं खातं याच लॅपटॉपवर बघतात.

हे मुळापासून कसं काढायचं? विंडोज फॉरमॅट करावंच लागेल का? त्यात शाळेचे वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

प्रतिसाद

एक्स्टेंशन परत येतंय ते सिंकमुळे. ते गूगल खात्यात जाऊन बसलंय, त्यामुळे लॉगिन केलं की पुन्हा उतरतं. आधी लॅपटॉपचं नेट बंद करा. मग मामांच्या फोनवरून गूगल खात्यातला क्रोमचा सिंक डेटा पुसा (बुकमार्क खात्यातून जातील, तेवढे लिहून ठेवा). त्यानंतर लॅपटॉपवरचं क्रोमचं प्रोफाइल काढा आणि नवीन करा. क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल तर मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदींत) एक्स्टेंशन सक्तीने बसवणारी पॉलिसी घुसवलेली असू शकते, तसं असेल तर इथे सांगा.

त्याच लॅपटॉपवर बदललेला पासवर्ड बदलल्यात जमा नाही, एक्स्टेंशनला पानावर टाइप केलेलं वाचता येतं. फोनवरून पुन्हा बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. नेटबँकिंगचाही आजच बदला. पैसे गेलेले दिसले तर थांबू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

नुसतं एक्स्टेंशन असेल तर फॉरमॅटची गरज नाही. पण डाउनलोड फोल्डर बघा. 2017 च्या डिगमाइन या मालवेअरमध्ये व्हिडिओच्या नावाने झिप फाइल यायची आणि आतला प्रोग्रॅम आपला कॉम्प्युटर गुपचूप वापरून मोनेरो ही क्रिप्टोकरन्सी माइन करायचा. तसं काही दिसलं तर उघडू नका, फाइलचं नाव इथे टाका.