मुलगा आजीला उलटं बोलतो, शिक्षा म्हणून बायबलचं वचन लिहायला लावलं ते चुकलं का?

घोरपडीचे_पप्पा
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मुलगा 11 वर्षांचा, सहावीत. आमच्याकडे रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते आणि शास्त्र (बायबल) माझी आई वाचते, तिला मोतीबिंदू आहे त्यामुळे भिंग घेऊन बोट फिरवत फिरवत वाचते, वेळ लागतो. परवा याने सरळ तिच्या हातातून पुस्तक ओढलं आणि म्हणाला दे इकडे, तुझं रात्रभर चालेल. मी ओरडलो तर म्हणतो तुम्ही पण आजीला असंच बोलता की. माझं डोकंच फिरलं, एक ठेवून दिली आणि निर्गम 20:12 "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" पन्नास वेळा लिहायला लावलं. लिहिलं त्याने, पण तेव्हापासून प्रार्थनेला नुसता येऊन बसतो, तोंड उघडत नाही. शाळेतूनही तक्रार आहे की सरांना उलट उत्तरं देतो. मोठ्यांचा मान ठेवायला तुम्ही मुलांना कसं शिकवता? जरा अनुभवातून सांगा.

संडेस्कूल_ताई
सलाम दादा. मी 14 वर्षं संडे स्कूल (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) घेते म्हणून मोकळेपणाने लिहिते, राग मानू नका. वचन शिक्षा म्हणून लिहायला लावू नका हो. आमच्या वर्गात एक मुलगी होती, स्तोत्र 23 काढलं की तिचा चेहरा पडायचा, कारण घरी काही चुकलं की तेच पाठ करायला लावायचे. मेंढपाळाचं स्तोत्र आणि पोरगी घाबरते, काय म्हणायचं याला.

दुसरं म्हणजे ही आज्ञा आपण फक्त लहान मुलांची करून टाकली आहे. सीनाय डोंगराजवळ देवाने ती सगळ्या लोकांना दिली होती, ज्यांचे आईबाप म्हातारे झालेत त्यांना पण. मार्कच्या शुभवर्तमानाचा 7 वा अध्याय वाचा, तिथे येशू मुलांना नाही तर चांगल्या मोठ्या धार्मिक माणसांना बोलतो, कारण ते आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून हात झटकायचे. म्हणजे तुमच्या घरात ती आज्ञा आधी तुमच्यावर येते दादा, मग मुलावर. आणि इफिसकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात पहिल्या वचनात मुलांना आज्ञेत राहा सांगितलंय, पण चौथ्यात बापांना सांगितलंय मुलांना चिरडीस आणू नका. आपण पहिलं भिंतीवर लावतो आणि चौथं विसरतो.

वानवडी_काका
ताईंचं पटतं पण सगळंच बापावर ढकलू नका. हल्ली आईबाप पोरांना नाही म्हणायलाच घाबरतात. बायबलमधल्या एली याजकाचं (पुजाऱ्याचं) काय झालं? त्याची पोरं मंदिरात वाटेल ते करत होती, याने तोंडी समजावलं पण आवरलं नाही, 1 शमुवेल 3:13 मध्ये देवाने नेमका तोच दोष लावलाय. शिस्त पाहिजेच. फक्त रागात हात उचलू नये, ती शिस्त नसते, तो आपला राग असतो. मी माझ्या मोठ्याला मारलंय, आज तो 34 चा आहे, फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. ते अजून सलतं.

आणि अजून एक, रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हटलंय ते पोरांना उपासनेत ऐकवतो आपण, आणि उपासना सुटली की त्यांनाच गाडीवर पुढे उभं करून राँग साइडने जातो, ट्रॅफिकमामाने अडवलं की त्याच्याशी हुज्जत घालतो. पोरं गाडीवरच शिकतात सगळं.

दोन_लेकींची_आई
मला थोडं वेगळं सांगायचंय. मान ठेवणं आणि सगळं ऐकणं हे एक नाही, हे मुलांना स्पष्ट सांगाच, विशेषतः मुलींना. मोठे सांगतील ते ऐकायचं एवढंच शिकवलं तर उद्या कोणी मोठ्याने चुकीचा स्पर्श केला तरी मूल गप्प बसेल. मी लेकींना बायबलमधल्या दानीएलची गोष्ट सांगते. राजाचं अन्न खायचं नव्हतं, पण त्याने थाळी भिरकावली नाही, अधिकाऱ्याला विनंती केली, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा. नाही म्हणाला, पण रीतीने. आपल्या पंडिता रमाबाईच बघा, 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तिथल्या मठातल्या सिस्टरना मानायच्या पण पटलं नाही तिथे पत्रांतून स्पष्ट वाद घातला, आणि नातं तोडलं नाही. दादा तुमचा मुलगा जे म्हणाला ते खरं होतं ना? मग ते उद्धटपणे बोललास, पण खरं बोललास असं वेगवेगळं करून सांगा त्याला. सरांच्या बाबतीतही आधी नक्की काय बोलला ते शांतपणे विचारा.

घोरपडीचे_पप्पा
सगळ्यांचे आभार, काकांचं वाचून झोप लागली नाही. काल प्रार्थनेआधी त्याच्यासमोरच आईची माफी मागितली, गोळ्यांवरून आणि टीव्हीच्या आवाजावरून मी तिच्यावर खेकसतो त्याबद्दल. आई म्हणाली अरे जाऊ दे, जेवण गार होतंय. मग त्याला पण सॉरी म्हटलं, मारल्याबद्दल. तो काही बोलला नाही. पण आई वाचायला लागली तेव्हा तिची ओळ चुकली, तर याने न बोलता बोट नेऊन बरोबर ओळीवर ठेवलं. वह्यांमधलं ते पन्नास वेळा लिहिलेलं पान मी फाडून टाकलं. सरांचं अजून विचारायचंय, शनिवारी त्याला सुट्टी आहे, एम्प्रेस गार्डनला घेऊन जातो आणि तिथे विचारतो.