'सरवा वेचणाऱ्या' की 'धान्य गोळा करणाऱ्या'?

प्रश्न: झां-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या १८५७ सालच्या तैलचित्रावर लिहिते आहे. बार्बिझोंजवळचं, पीक कापून झालेलं रान आणि पुढ्यात तीन बाया, दोघी पार वाकलेल्या. मूळ नाव 'दे ग्लानोझ'. तूर्त 'धान्य गोळा करणाऱ्या स्त्रिया' असं लिहिलंय, पण खटकतंय.

प्रतिसाद: खटकणारच! धान्य गोळा करणारे मागे आहेत की. त्या गंजी, ती भरलेली गाडी, उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. या तिघींच्या वाट्याला आलंय ते सांडलेलं-राहिलेलं, आणि त्याला आपल्याकडे 'सरवा' म्हणतात. आमच्या गावी भुईमूग काढून झाला की बाया सरवा वेचायला जायच्या. मालक हटकत नसे, पण शेंगा निघण्याआधी पाऊल टाकलं तर मात्र शिव्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द आहे. त्याची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच, गंमत बघा.

दुसरा प्रतिसाद: 'उंछवृत्ती', म्हणजे शेतात पडलेलं वेचून जगणं, हा शब्द कसा वाटतो? महाभारतातल्या अर्ध्या सोनेरी मुंगसाच्या गोष्टीतला ब्राह्मण तसाच जगत होता.

पहिलेच पुन्हा: शब्द भारदस्त आहे, पण इथे नको. एक तर उंछ म्हणजे दाणा दाणा टिपणं. ओंब्या वेचणं ते 'शिल'. चित्रात ओंब्या आहेत. दुसरं, उंछवृत्ती हे व्रत. या बायांनी कुठलं व्रत घेतलंय? घरी पीठ नाही म्हणून आल्यात.

प्रश्नकर्ती: पटलं. शिवाय सरव्यात भीक नाही नि चोरीही नाही, तेही जुळतं. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत पीक पुरतं उचलण्याआधी, किंवा सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर सरवा वेचला तर दंड होता, एरवी मुभा. तुमच्या गावचा मालक आणि तो कायदा एकच बोलतात! मग नाव 'सरवा वेचणाऱ्या' एवढंच ठेवते. 'स्त्रिया' कशाला, 'णाऱ्या'त त्या आल्याच. 'दे' या अनिश्चित उपपदामुळे फ्रेंचमध्येही त्या 'कुणीतरी' बायाच राहतात, अमक्या-तमक्या नव्हेत.

पहिलेच: झकास, ताई. फक्त मुद्रितशोधकाला बजावून ठेवा, नाहीतर तो 'सरवा'चा 'सर्व्हे' करून मोकळा होईल.