मदत हवी आहे: पावसाळ्यात रेझिन चिकट राहिलंय

मंडळी, मी रंगीत इपॉक्सी रेझिनची (हार्डनर नावाचं दुसरं द्रावण मिसळलं की कडक होणारं पातळ द्रव्य) अमूर्त चित्रं करते. सध्या मैत्रिणीच्या दवाखान्यासाठी २ बाय ३ फुटांचं पॅनल चाललंय. ताटकळत बसलेल्या पेशंटला जरा प्रसन्न वाटावं म्हणून हळदी पिवळा, नारिंगी आणि मधून मोरपंखी लाट. ओतलं तेव्हा लाट अशी काही सुरेख सरकली की मीच बघत बसले!

पण आमच्या रत्नागिरीचा पाऊस! चौथ्या दिवशी सगळ्या पॅनलवर तेलकट, धुरकट साय. हार्डनरचा दमट हवेशी संयोग झाला की ती येते, एवढं माहीत होतं. कोमट पाण्याने पुसली, गेली. उजवा कोपरा मात्र अजून चिकट, नख रुततंय. रेझिन आणि हार्डनरचं माप डब्यावर लिहिल्याप्रमाणे २:१, तेही वजनाने नाही, कपाने. बहुतेक कपाच्या कडेचं न ढवळलेलं रेझिन तिथे खरवडून ओतलं गेलं. हावरेपणा, दुसरं काय.

आता तेवढाच कोपरा खरवडून वर नवा थर दिला तर सांधा दिसेल का? की अख्खं पॅनल घासून पारदर्शक थर द्यावा? किती नंबरचा पॉलिश पेपर? आणि पावसात खोली कोरडी कशी ठेवता? नारिंगी रंगाला हात लावायला जीव होत नाहीये.