आखाजीला माहेरी पुढे आलेले हक्कसोडपत्र: सही करावी का?

प्रश्न (रावेर तालुका)
यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले असता, सांजोऱ्यांचे ताट पुढे असतानाच भावाने एक कागद दिला आणि विकास सोसायटीच्या पीककर्जासाठी तुझी सही लागते, असे सांगितले. चष्मा लावून पाहिले, तर वर ‘हक्कसोडपत्र’ असे लिहिलेले होते. साडेचार एकर केळीचे हे शेत वडिलांना आजोबांकडून आले. वडील २००३ मध्ये वारले. माझे लग्न १९९१ मध्ये झाले. सातबाऱ्यावर भाऊ कब्जेदार असून आई व आम्हा दोघी बहिणींची नावे ‘इतर अधिकार’ सदरी आहेत. मुलींना वाटा देणारा कायदा २००५ चा आणि वडील त्याआधीच गेले, म्हणून तुमचा हक्कच नाही, असे भाऊ म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर १ (वकील, जळगाव)
ताई, हक्कच नसता तर तो सोडून देण्याचा कागद कशाला लागला असता? महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायक (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार) केले, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. हिंदू वारसा कायद्यातील केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ही अट नाही. ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर मात्र ती मोडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढे म्हणणे सहसा पुरत नाही. शेत वडिलांनी स्वतः घेतलेले असते आणि मृत्युपत्र नसते, तर आई, भाऊ व तुम्ही दोघी बहिणी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळाला असता.

नुसत्या नोटरीच्या हक्कसोडपत्राने शेतजमिनीतील हक्क जात नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. एकदा ती झाली की फसवणूक सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते आणि ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

उत्तर २ (निवृत्त मंडळ अधिकारी, धुळे)
फेरफाराने (सातबाऱ्यावरील नावाच्या बदलाच्या नोंदीने) मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे लोकांना पटवताना माझी निम्मी नोकरी गेली. ‘इतर अधिकार’ सदरी नाव आहे म्हणून हिस्सा कमी होत नाही. मात्र तलाठ्याची नोटीस आली, तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या; मग नोंद तक्रारी ठरते व सुनावणी होते. वाटपाच्या दाव्यासाठी वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

उत्तर ३ (शहादा)
वाचणाऱ्यांपैकी कोणी भिल्ल किंवा पावरा असेल, तर वरील हिशोब जसाच्या तसा लावू नये. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. सातपुड्याकडच्या बहिणींनी याचा सल्ला वेगळा घ्यावा.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. सोसायटीच्या सचिवांना विचारले, तेव्हा कर्जासाठी सहहिस्सेदारांचे संमतीपत्र चालते, असे कळले. त्यावर मी आनंदाने सही करीन. तो दुसरा कागद मात्र आईसमोर भावाला परत दिला आहे.